दहा वर्षांत एकदाही न गेलेलं पुस्तक

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या आठवड्यात बसलो होतो. टेबलावर निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी होती : दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं. एक प्राध्यापक म्हणाले, "संगणकच सांगतोय, ही मेली. घाला रद्दीत."

संगणक तसं सांगत नसतो. नोंद शून्य आहे, एवढंच तो सांगतो.

समजा, १००० पुस्तकं आहेत आणि प्रत्येकाला सरासरी दहा वर्षांतून एक वाचक मिळतो. दहा वर्षांनी प्रत्येकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकेक शिक्का दिसेल? नाही. वाचक पाळी लावून येत नाहीत. दहा वर्षं म्हणजे १२० महिने. एका पुस्तकाला एखाद्या महिन्यात मागणी येण्याची शक्यता १/१२०, न येण्याची ११९/१२०. ही संख्या स्वतःशीच १२० वेळा गुणा. उत्तर येतं साधारण ०.३७. म्हणजे सुमारे ३७० पुस्तकं कोरी राहणार, तितकीच एकदा जाणार, १८० दोनदा, उरलेली त्याहून जास्त. हे फ्रेंच गणिती पॉयसाँचं वितरण. गंमत अशी की ती कोरी ३७० इतरांपेक्षा कुठेच कमी नाहीत. पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या सुमारे २३० पुस्तकांना वाचक मिळेल!

खऱ्या कपाटात अर्थातच सगळी पुस्तकं सारखी नसतात. पिट्सबर्ग विद्यापीठात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्यात दुर्दैवी किती आणि खरोखर निरुपयोगी किती, हे एकेका शून्याकडे बघून कळत नाही. म्हणून एका विषयाच्या पुस्तकांचा अख्खा वर्ग घ्यायचा. ३०० पुस्तकांच्या वर्गात दहा वर्षांत मिळून सहाच देवघेवी झाल्या असतील, तर तिथल्या शून्याला वजन आहे. तेवढ्याच पुस्तकांच्या दुसऱ्या वर्गात २५० झाल्या असतील, तर तिथलं शून्य बहुधा नशिबाचं. वर्गवार बेरीज एक्सेलमध्ये होते. त्यासाठी 'एआय'वाल्यांचं महागडं पॅकेज लागत नाही.

शिवाय ग्रंथालयातच बसून वाचलेल्याची नोंद कुठे असते? 'पुस्तक टेबलावरच ठेवा' अशी पाटी लावायची आणि परत मांडणीवर ठेवण्याआधी बारकोड वाचून घ्यायचा, की ते वाचनही मोजलं जातं. काढण्याआधी दुसरीकडे प्रत आहे का, हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या संयुक्त तालिकेत (अनेक ग्रंथालयांच्या एकत्र यादीत), इंडकॅटमध्ये, बघता येतं.

दुसरं टोकही आहेच. पुस्तक म्हणजे सरस्वती, म्हणून 'टर्बो सी' या कालबाह्य संगणक-प्रणालीवरच्या पुस्तकाच्या अकरा प्रती जपायच्या! सरस्वतीला वाळवी लागत नाही, कागदाला लागते.

यादीतलं यांत्रिकीचं एक पुस्तक मी सहज शोधायला गेलो. ड्यूई वर्गीकरणात यांत्रिकीचा क्रमांक ५३१. त्या रांगेत ते नव्हतं. शेवटी ५१३ मध्ये सापडलं, अंकगणिताच्या पुस्तकांत दाटीवाटीने उभं. ते मागायला कुणी आला असेल, तर रिकाम्या हाताने परत गेला असणार. यादीत मात्र शून्यच.