बाराखडी पाठ, वाचन कच्चं

पहिलीच्या वर्गात फळ्यावरच्या बाराखडीवरून पट्टी फिरवली की सगळी पोरं सुरात म्हणतात: क, का, कि, की. आता त्यातलंच 'कू' वेगळ्या कागदावर लिहून एकेकाला विचारा. काही मुलं ओठांतल्या ओठांत 'क'पासून सुरुवात करतात आणि एकेक पायरी चढत 'कू'पाशी येऊन थांबतात. त्यांनी अक्षर वाचलेलं नसतं, रांगेतली त्याची जागा शोधलेली असते.

मूल बोलायला आपसूक शिकतं, वाचायला मात्र शिकवावं लागतं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. मुद्दा गुणाकाराचा आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. आपल्या शाळांत बहुधा पहिल्यावरच सगळा भर, आणि तोही घोकंपट्टीने.

देवनागरी उच्चारानुसार लिहिली जाते म्हणून ती सोपी, असं आपण मोठी माणसं म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. व्यंजनं आणि स्वरचिन्हं यांच्या जोड्याच चारशेच्या आसपास जातात, जोडाक्षरं आणखी वेगळी. एकटा 'र' बघा: चक्र, सूर्य, राष्ट्र, कऱ्हाड. चार शब्द, चार रूपं! ऱ्हस्व वेलांटीचीही गंमत आहे. ती लिहायची व्यंजनाच्या आधी, उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात (२००२) अशा शब्दांना जास्त वेळ लागतो आणि चुकाही वाढतात, असं दिसलं. कन्नडमध्ये सोनाली नाग यांना आढळलं की अक्षरांचा हा पसारा पक्का व्हायला चौथी-पाचवी उजाडते. आपण मात्र पहिलीतच तो उरकायला बघतो.

महाराष्ट्रातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केला. वर्गातला बराचसा वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जात होता. गोष्टी, गप्पा, मनातलं लिहिणं यांना जागाच नव्हती. तिसरीत पोचूनही अनेकांना साधा उतारा वाचता येत नव्हता. वाड्यातल्या आदिवासी पाड्यांवर आणखी एक अडचण असते. घरची बोली वेगळी, त्यामुळे पुस्तकातला शब्द नीट उच्चारला तरी तो ओळखीचा निघेलच असं नाही.

मग करायचं काय? फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने फार पूर्वीच वेगळी वाट धरली. सगळी मुळाक्षरं संपण्याची वाट न बघता थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा यांचा गट घ्यायचा आणि लगेच शब्द वाचायचे. क, म, ल आणि काना एवढ्या भांडवलावर 'काम', 'माल', 'काका', 'मामा', 'कमाल' होतात. पहिल्याच आठवड्यांत मुलाला कळतं की या खुणांना अर्थ असतो. सोबत रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, म्हणजे गुणाकारातली दुसरी बाजूही वाढत राहते. मला हे वाचून दाखवणंच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण वेळ कमी पडला की तेच आधी कापलं जातं.

मागे पडलेल्या मुलांचं काय, यावर शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या कामाचा पुरावा भक्कम आहे. इयत्ता बाजूला ठेवून मुलाला अक्षर येतं, शब्द येतो की उतारा, हे बघून गट पाडायचे आणि तिथून पुढे शिकवायचं. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये सुमारे ५० दिवसांच्या शिबिरांतून तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या वाचनात मोठी सुधारणा झाली, आणि ती यादृच्छिक चाचणीत, म्हणजे शिबिरं कुठे घ्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून आणि बाकीच्या शाळांशी तुलना करून, मोजलेली आहे. त्याआधी बिहारमध्ये काही शाळांना याच पद्धतीचं नुसतं साहित्य देऊन पाहिलं होतं. तिथे काहीच फरक पडला नाही. हरियाणात सरकारी शिक्षकांकडूनच हे काम साधलं, पण दिवसातला ठरावीक वेळ त्यासाठी राखून, त्या वेळेपुरती मुलांची पातळीनुसार फेरमांडणी करून आणि वर्गात येऊन बघणाऱ्या पर्यवेक्षकांची जोड देऊन.