जवळच्या नामाची ओढ

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास तालुक्याच्या बसस्थानकाभोवती ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक झळकू लागतात. त्यांच्या जोडीला एक समजही गावोगावी पसरतो: एकवचनी कर्त्यापुढे अनेकवचनी क्रियापद वापरणारा मुलगा बुद्धीनेच बेताचा. या समजाला काडीचाही आधार नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही ही चूक करतात, आणि ती नेमकी कोठे होते हे प्रयोगांतून दिसले आहे.

कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधिकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना वाक्याचा फक्त आरंभ ऐकवून ते पूर्ण करायला सांगितले होते. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. ‘द ट्रक विथ द कॉटन बेल्स’ (कापसाच्या गाठी असलेला ट्रक) एवढे ऐकल्यावर पुढे ‘इज लेट’ यायला हवे, कारण उशीर एका ट्रकला झाला आहे. पण मधल्या ‘बेल्स’च्या ओढीने ‘आर’ तोंडून निसटते. ट्रक अनेक आणि गाठ एकच असेल, तर मात्र ‘इज’ क्वचितच निसटते. एकवचन ही नामाची साधी, खूण नसलेली अवस्था असते; अनेकवचनाची खूण मनात वेगळी नोंदली जाते आणि तीच क्रियापदापर्यंत झिरपते, असा याचा अर्थ लावला जातो.

ही ओढ केवळ शब्द शेजारी असल्यामुळे निर्माण होत नाही. कर्त्याच्या पदबंधात, म्हणजे कर्ता सांगणाऱ्या शब्दसमूहात, एकात एक गुंतलेली तीन नामे ठेवून केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्रियापदाला लागून असलेल्या तिसऱ्या नामापेक्षा मधल्या नामाने अधिक चुका घडवल्या. मधले नाम रचनेच्या उतरंडीत मुख्य नामाच्या, म्हणजे क्रियापद ज्याच्याशी जुळायला हवे त्या नामाच्या, जवळ असते. म्हणजे बोलताना मन शब्दांची रांग नव्हे, तर त्यांची उतरंड चाळत असते.

मराठीत ‘कापसाच्या गाठींचा ट्रक उलटला’ या वाक्यात ‘उलटल्या’ म्हणण्याचा मोह सहसा होत नाही, कारण ‘चा’ हा प्रत्यय लागताच ‘गाठी’ क्रियापदावरचा हक्क गमावतात. प्रत्ययामुळे नामाचे काम स्पष्ट झाले की ओढ कमी होते, हे जर्मन भाषेवरील प्रयोगांतही आढळले आहे. मराठीचा नियम तर इंग्रजीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे: ‘पोरानं भाकर खाल्ली’ यात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते आणि ‘शेतकऱ्यानं बैलाला धुतलं’ यात दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. (‘मी भाकर खाल्ली’ यात ‘मी’ला ‘ने’ दिसत नसला, तरी क्रियापद भाकरीच्याच मागे जाते.) हे सारे वऱ्हाडातले पोर शाळेत पाऊल ठेवण्याआधीच बिनचूक करते, त्यासाठी ३० दिवसांच्या वर्गाची गरज पडत नाही.

‘शी गोज’ऐवजी ‘शी गो’ म्हणण्याची चूक निराळ्या जातीची आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला पुरुष-वचनानुसार अनेक प्रत्यय लागत. ते झिजत जाऊन साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ तेवढा उरला. हा ‘स’ वाक्याच्या अर्थामध्ये जवळजवळ काहीच भर घालत नाही, कारण कर्ता आधीच उच्चारलेला असतो. इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्याच्या पारंपरिक बोलीने तर तोही टाकून दिला असून तेथे ‘शी गो’ हेच घरचे, रुळलेले रूप आहे.