कापूस ते कापड : माध्यमिक शाळेतील अध्यापन (सोलापूर)

कापसाच्या बोंडापासून विणलेल्या कापडापर्यंतचा क्रम माध्यमिक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वस्तू हाताळायला देऊन शिकवण्याची पद्धत. तिचे मूळ १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमच्या विचारात सापडते. तेथे सूतकताई हा केवळ एक विषय नव्हता, गणित, भूगोल व इतिहास शिकण्याचे ते माध्यम होते.

सोलापुरात हा धडा दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे कापडाकडून, सुरू करणे श्रेयस्कर ठरते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या, 'जुनी गिरणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापड गिरणीपासून शहर या उद्योगावर वाढत गेले. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची दाट वस्ती असलेल्या पूर्व भागात ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), धोटा (बाण्याचा धागा ताण्यातून आरपार नेणारे साधन), कांडी (धोट्यातील सुताची नळी) हे शब्द अनेक मुलांना पुस्तकाआधी घरातच कळतात. मात्र जिल्हा मुख्यतः ज्वारीचा आणि उसाचा असल्याने फुटलेले बोंड पुष्कळांनी पाहिलेले नसते. म्हणून विदर्भ किंवा मराठवाड्यातून थोडा सरकीसह कापूस मागवून तो वर्गात वाटणे अगत्याचे आहे. रुई बोटांनी ओढून काढताना तंतू थेट बीवरच उगवलेला असतो, हे मुलांना चटकन उमजते. वजन करून पाहिल्यास कापसात रुई साधारण एक तृतीयांशच भरते आणि बाकी बहुतेक सरकी असते.

प्रक्रियेचा भाग शिकवण्यास पाण्याचा पेला पुरतो. कच्च्या रुईचा पुंजका तंतूवरील मेणामुळे पाण्यावर तरंगत राहतो. तोच धुण्याच्या सोड्यात उकळून, स्वच्छ धुऊन पुन्हा टाकला की भिजून तळाशी जातो. रंगणीपूर्वी सूत का उकळतात, याचे उत्तर तेथेच मिळते.

विणकामासाठी सोलापुरी टॉवेलचा तुकडा उसवावा. त्यात ताण्याचे दोन संच असतात: एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. बाण्याचे काही धागे कापडाच्या कडेपासून थोडे दूर ठेवून मग मागाच्या फणीने एकदम पुढे ठोकले की सैल ताणा वर उचलला जाऊन फासे तयार होतात. चादरीवरील नक्षी जेकार्डने (मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रणेने) ताण्याचे ठरावीक धागे उचलून उमटवतात. हे मागावर पाहायला नेताना प्रश्न आधीच वहीत लिहून न्यावे लागतात, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही.