अलगीकरण आणि विलगीकरण: बाण कुठून निघतो ते पाहा

2020 मध्ये आमच्या इंदुरात 'तो क्वारंटीन झालाय' हे तापाने फणफणलेल्या माणसाबद्दलही ऐकलं आणि त्याच्या ठणठणीत शेजाऱ्याबद्दलही. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असताना बातम्यांत सर्रास दोन्हींना 'विलगीकरण' छापलं जायचं. आता साथीचं गणित शिकणारी मुलंही तोच घोळ घालतात, तेव्हा राहवत नाही.

विलगीकरण सगळ्यांना ठाऊक आहे. कांजिण्या आल्या की पोराचं अंथरूण मागच्या खोलीत, ताटवाटी वेगळी. आजारी माणूस बाजूला, एवढंच.

अलगीकरण, म्हणजे खरं क्वारंटीन, मात्र आजारी न दिसणाऱ्याचं. तो रुग्णाच्या संपर्कात आलाय, बाधा झाली की नाही हे अजून कळायचंय. साथीच्या गणिती मॉडेलमध्ये माणसांचे कप्पे करतात: बाधा होऊ शकते असे, बाधा झालीय पण अजून पसरवत नाहीत असे, पसरवणारे, आणि बरे झालेले. माणसं एका कप्प्यातून दुसऱ्यात कशी जातात ते बाणांनी दाखवतात. (करमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 मध्ये असंच गणित मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगशी ताडून पाहिलं होतं.) विलगीकरणाचा बाण पसरवणाऱ्यांच्या कप्प्यातून निघतो. अलगीकरणाचे बाण पहिल्या दोन्ही कप्प्यांतून निघतात, आणि मुदत संपली की एक बाण पहिल्या कप्प्यात परत यायलाच हवा. समजा 100 जण अलग ठेवले, बाधा 10 जणांनाच होती. परतीचा बाण काढला नाही, तर उरलेले 90 हिशेबातूनच गायब! कागदावर साथ आपोआप ओसरते, गल्लीत नाही.

आजार कोणता, यावरही बरंच अवलंबून असतं. 2003 च्या सार्समध्ये, म्हणजे श्वसनाच्या एका साथीच्या आजारात, संसर्गाचा जोर लक्षणं दिसल्यानंतर वाढायचा, म्हणून रुग्ण वेगळे काढूनही खूप साधलं. कोविड लक्षणांआधीच पसरतो. तिथे नुसतं विलगीकरण उशिरा पोचतं.

मुदतीचंही तसंच. विलगीकरणाचे दिवस लक्षणांपासून किंवा चाचणीपासून मोजतात, अलगीकरणाचे शेवटच्या संपर्कापासून. कोविडच्या सुरुवातीला ते 14 होते. 'शेवटच्या' हा शब्द कुणी गाळू नये. माझ्या आतेभावाला एका हॉलमध्ये ठेवलं होतं आणि लागूनच्या खाटेवर खोकणारा माणूस. त्याचा अहवाल बाधित आला, नवव्या दिवशी आतेभावालाही ताप भरला. तोवर त्याच्या कागदावर संपर्काची तारीख जुनीच होती.