पारेंझाना

पारेंझाना : इस्त्रिया द्वीपकल्पातील एक सायकलमार्ग. त्रिएस्ते (इटली) ते पोरेच (क्रोएशिया) या जुन्या नॅरोगेज लोहमार्गाच्या भरावावरून तो मुख्यतः जातो. पोरेचचे इटालियन नाव पारेंझो, त्यावरून लोहमार्गाला व पुढे सायकलमार्गाला हे नाव मिळाले. मूळ लोहमार्गाची लांबी सु. १२३ किमी. होती. आजच्या सीमांनुसार त्यापैकी सु. १३ किमी. इटलीत, ३२ किमी. स्लोव्हेनियात व ७८ किमी. क्रोएशियात येतो. सायकलमार्गाच्या लांबीचे आकडे मात्र पुस्तकागणिक बदलतात. त्रिएस्ते शहरात व इतर काही ठिकाणी जुना भराव उरलेला नसल्याने मार्ग तेथे साध्या रस्त्यांवरून वळवला आहे, आणि हे वळसे मोजायचे की नाही यावर एकमत नाही.

लोहमार्ग बांधला तेव्हा इस्त्रिया ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते आणि त्रिएस्ते हे त्या साम्राज्याचे मुख्य बंदर होते. अंतर्भागातील दारू, ऑलिव्ह तेल, चुना व इमारती दगड आणि किनाऱ्यावरील मिठागरांचे मीठ बंदराला पोचवणे हा त्यामागचा हेतू. त्रिएस्ते–बुये हा टप्पा १ एप्रिल १९०२ रोजी व बुये–पोरेच हा टप्पा १५ डिसेंबर १९०२ रोजी सुरू झाला.

रुळांमधील अंतर ७६० मिमी. होते. ऑस्ट्रियन प्रदेशांतील अरुंद मार्गांचे हे रूढ माप. त्याला ‘बॉस्नियन गेज’ असेही म्हणतात. हे माप आले कोठून याविषयी दोन मते आढळतात. ब्रिटिश पद्धतीच्या अडीच फुटांच्या (७६२ मिमी.) मापाशी ते जवळपास जुळते, म्हणून त्याचे मूळ तेथे शोधण्याकडे काहींचा कल असतो. दुसऱ्या मतानुसार १८७८ मध्ये ऑस्ट्रियाने बॉस्निया व्यापल्यावर लष्कराला घाईने लोहमार्ग हवा होता. तेमेश्वार–ओर्शोवा (आज रुमानियात) मार्गाच्या कामावरची माती वाहून नेणारी ७६० मिमी.ची गाडीसामग्री कंत्राटदाराकडे तयार होती. तीच बॉस्नियात नेली आणि माप रूढ झाले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यात मापाच्या निवडीमागे सिद्धांत नसून हाताशी असलेला माल आहे, आणि नॅरोगेजच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. महाराष्ट्रातील बार्शी लाइट रेल्वे (१८९७) अडीच फुटी होती. तिच्या आणि पारेंझानाच्या मापात अवघ्या २ मिमी.चा फरक पडतो, पण त्यावरून दोहोंचे नाते जोडता येत नाही.

अरुंद मापामुळे वळणे लहान त्रिज्येची ठेवता आली व बांधकाम स्वस्तात झाले. सायकलस्वारासाठी मार्गाचे सारे महत्त्व यातच आहे. टेकड्या फोडण्याऐवजी त्यांना वळसे घालत मार्ग चढवल्याने चढ कमाल हजारी २८, म्हणजे १ किमी.ला २८ मी. इतकाच राहिला. मार्गाचा सर्वोच्च बिंदू ग्रोझ्न्यानजवळ, समुद्रसपाटीपासून सु. २९३ मी. उंचीवर आहे, मिर्ना नदीचे खोरे मात्र जवळजवळ समुद्राच्या पातळीला. एवढी उंची इस्त्रियातील गाडीरस्ते थोडक्यात गाठतात, तर लोहमार्ग तीच कित्येक किलोमीटरांवर पसरवतो. त्यामुळे डोंगराळ प्रदेश असूनही साध्या गिअरवर, न उतरता तो पार करता येतो. किंमत द्यावी लागते ती अंतराची : दरीपलीकडचे गाव समोर दिसत असते, आणि मार्ग मात्र ओढ्याच्या उगमापर्यंत आत जाऊन परत येतो.

वाफेच्या गाडीला हेच वळसे भोवले. तिचा सरासरी वेग ताशी २५ किमी.च्या आसपास असे. चढावर उतारूंनी खाली उतरून द्राक्षे तोडावीत आणि पुन्हा डब्यात चढावे, असे किस्से गावोगावी सांगतात. असे किस्से जगातील बहुतेक सर्वच नॅरोगेज गाड्यांविषयी सांगितले जात असल्याने ते जपूनच घ्यावेत. बोरा या ईशान्येकडून येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याने १९१० मध्ये मूज्जाजवळ गाडी उलटवली, ही घटना मात्र खरी असून तीत जीवितहानी झाली. पहिल्या महायुद्धानंतर इस्त्रिया इटलीकडे गेले. मोटारबसच्या स्पर्धेपुढे मार्ग टिकला नाही आणि ३१ ऑगस्ट १९३५ रोजी तो बंद झाला.

रूळ पुढे कोठे गेले, हा या मार्गाच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिलेला प्रश्न. ते उखडून ॲबिसिनियाला (इथिओपिया) पाठवले आणि वाटेत जहाज भूमध्य समुद्रात बुडाले, ही कथा प्रवासी पुस्तिकांतून बहुधा वस्तुस्थिती म्हणून दिली जाते. इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली ती ऑक्टोबर १९३५ मध्ये, म्हणजे मार्ग बंद झाल्यावर जेमतेम महिन्याने. कथेला बळ मिळाले ते या योगायोगामुळे असावे. तेथील इटालियन वसाहतीत, एरिट्रियात, लोहमार्ग ९५० मिमी.चा आणि जिबूती–अदिस अबाबा मार्ग १,००० मिमी.चा होता, म्हणून ७६० मिमी.च्या मार्गाचे रूळ निरुपयोगी ठरले असते, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. माप ठरते ते स्लीपरवरील (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांवरील) अंतराने. रूळ कोणत्याही मापाला बसवता येतो. इंजिने व डबे मात्र तसे बसवता आले नसते. तेव्हा रूळ पाठवण्याचा बेत अशक्य कोटीतला नव्हता, एवढेच म्हणता येते. बुडालेल्या जहाजाचे नाव आणि तारीख या कथेसोबत सहसा येत नाही, त्यामुळे तो भाग तूर्त दंतकथेत ठेवणे बरे.

भरावाचा सायकलमार्ग झाला तो मुख्यतः २००० नंतर, यूरोपीय संघाच्या साहाय्याने. स्लोव्हेनियात तो ‘आरोग्य व मैत्रीचा मार्ग’ म्हणूनही ओळखला जातो आणि बहुतांशी डांबरी आहे. कोपेर, इझोला, स्त्रुन्यान, पोर्तोरोझ अशी किनाऱ्यावरील गावे जोडत तो सेचोव्ल्येच्या मिठागरांशी पोचतो. पोर्तोरोझच्या अलीकडचा वालेता बोगदा सु. अर्धा किमी. लांबीचा असून मार्गावरील सर्वांत लांब आहे.

सीमेपलीकडे मार्गाचे रूप पालटते. बुयेपासून पुढे डांबर जाऊन खडी व मुरूम लागतो, आणि ग्रोझ्न्यान, झाव्रश्ये, लिवादे, मोतोवुन, विझिनादा हा सर्वांत प्रेक्षणीय पट्टा सुरू होतो. घडीव दगडांच्या कमानी पेललेले उंच पूल येथेच आहेत. बोगद्यांच्या तोंडाशीही तसाच दगड बसवलेला. आत काही ठिकाणी छतातून पाणी ठिबकते, खडी ओली राहते आणि उन्हातून एकदम अंधारात शिरल्यावर चाक सरकते, म्हणून दिवा असला तरी वेग कमी करणेच इष्ट.

ही गावे टेकड्यांच्या माथ्यावर तटबंदीत वसलेली, पुष्कळ काळ व्हेनिसच्या अमलाखाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन भाषक मोठ्या संख्येने निघून गेल्याने त्यातील अनेक ओस पडली. ग्रोझ्न्यानची रिकामी घरे १९६५ पासून चित्रकार-शिल्पकारांना देण्यात आली, आणि आज ते कलाकारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. झाव्रश्येला तसे दैव लाभले नाही. तेथील कित्येक घरे अजून वेलींनी झाकलेली आहेत. मोतोवुनचे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी होते, तेव्हा सु. २७७ मी. उंचीवरील गाव पाहायचे तर शेवटचा चढ लोहमार्गाच्या मदतीविना चढावा लागतो. (मोटारशर्यतपटू मारिओ आंद्रेत्ती यांचा जन्म १९४० मध्ये याच गावात झाला.) खालचे मिर्नाकाठचे ओकवन ट्रफल या भूमिगत कवकासाठी ख्यातनाम असून, लिवादे येथे लोहमार्गाचे छोटे संग्रहालय आहे. पोरेचमधील सहाव्या शतकातील यूफ्रेशियन बॅसिलिका १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

बहुतेक सायकलस्वार तीन दिवसांत मार्ग पुरा करतात. वसंत व शरद हे ऋतू सोयीचे. उन्हाळ्यात अंतर्भागात सावली व पाणी कमी, तर हिवाळ्यात बोरा त्रास देतो. क्रोएशियातील पट्ट्यासाठी रुंद टायर लागतात. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आल्यापासून भारतीय पारपत्रधारकांना तिन्ही देशांसाठी एकच व्हिसा पुरतो. तथापि स्लोव्हेनियाने त्याच वर्षी सीमेवर पुन्हा तात्पुरती तपासणी सुरू केली असल्याने पारपत्र सामानात खोल न ठेवता हाताशी ठेवावे.