विभाजित शासन

विभाजित शासन : राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि विधिमंडळात बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती. अध्यक्षीय पद्धतीत दोघेही मतदारांकडून स्वतंत्रपणे निवडून येतात, त्यामुळे कोणी कोणाला सहजासहजी घरी पाठवू शकत नाही. भारतात लोकसभेतले बहुमत गेले की सरकारच जाते. म्हणून पुण्यात सदाशिव-नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत राज्यशास्त्र वाचणाऱ्यांना हा विषय अमेरिकेपुरता वाटतो. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यातल्या नगरपरिषदांत त्याचे छोटे रूप पाहायला मिळते (पुढे पाहा).

नव्या अध्यक्षाच्या हाती पहिल्या दिवसापासून काय असते? परराष्ट्र व्यवहार, प्रशासकीय आदेश, नेमणुका आणि नकाराधिकार (विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक नाकारण्याचा अधिकार). यांतला नकाराधिकार सर्वांत भक्कम. अमेरिकेत तो मोडून काढायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. थोरले जॉर्ज बुश १९८९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. त्यांनी चार वर्षांत ४४ विधेयके नाकारली. त्यांतले एकच काँग्रेसला (अमेरिकेच्या विधिमंडळाला) त्यांच्या विरोधात मंजूर करून घेता आले. नेमणुकांचे मात्र तसे नाही. संरक्षणमंत्रिपदासाठी त्यांनी सुचवलेले जॉन टॉवर यांचे नाव सिनेटने (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने) कारभाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच फेटाळले.

नुसते अडवून मात्र कारभार उभा राहत नाही. आदेश झटपट निघतो आणि पुढचा अध्यक्ष तितक्याच झटपट तो मागे घेतो. न्यायालयही रद्द करू शकते. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले, ते १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडायला लावले. टिकणारे काम कायद्यानेच होते आणि अशा स्थितीत कायदा विरोधकांच्या मतांवाचून होत नाही. बुश यांच्याच काळात १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा आणि हवा-प्रदूषणावरचा कडक कायदा झाला, दोन्ही उभयपक्षी पाठिंब्याने. त्याची किंमतही मोजावी लागते. नवे कर लावणार नाही, असे वचन देऊन निवडून आलेल्या बुश यांनी त्याच वर्षी अर्थसंकल्पाच्या तडजोडीत करवाढ स्वीकारली. स्वपक्षीय बिथरले आणि १९९२ ची निवडणूक ते हरले. तरीही ही तडजोड कमकुवतपणाची नव्हती, तर कारभार चालवण्याची होती, असेच म्हटले पाहिजे.

सर्वांत नाजूक दुखणे पैशाचे. येथे पुण्याच्या इतिहासातला एक धागा उपयोगी पडतो. १९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षाचे सदस्य केंद्रीय विधिमंडळात गेले; त्यांत पुण्याचे न. चिं. केळकर होते. १९२४ मध्ये विधिमंडळाने वित्त विधेयक फेटाळले, तर व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात ते लागू करून टाकले. निवडून आलेल्या अमेरिकन अध्यक्षाला हा दरवाजा बंद आहे, आणि तो बंद असण्यातच लोकशाहीचा कस आहे. अमेरिकन काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही की सरकारी कचेऱ्या बंद पडतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात क्लिंटन यांच्या काळात त्या सलग २१ दिवस बंद होत्या.

काही राज्यघटनांत अध्यक्षाला विधिमंडळ बरखास्त करता येते. श्रीलंकेत सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले तेव्हा २२५ जणांच्या संसदेत त्यांच्या आघाडीचे अवघे तीन सदस्य होते. त्यांनी लगेच संसद बरखास्त केली आणि नोव्हेंबरमध्ये १५९ जागा मिळवल्या. दक्षिण कोरियाचे यून सुक-योल यांना तो अधिकार नव्हता. विरोधी बहुमताशी अडीच वर्षे झुंजून त्यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला. खासदार मध्यरात्री सभागृहात पोहोचले, उपस्थित १९० जणांनी एकमताने तो उठवण्याचा ठराव केला आणि एप्रिल २०२५ मध्ये यून यांचे पद गेले.

नगरपरिषदेतील रूप : महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि नगरसेवक प्रभागांतून निवडून येतात. त्यामुळे बारामती, लोणावळा, सासवड, जुन्नर अशा कोणत्याही गावात नगराध्यक्ष एका गटाचा आणि सभागृह दुसऱ्या गटाचे होऊ शकते. (पुणे महापालिकेत असे घडत नाही, महापौर नगरसेवकच निवडतात आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात.) असा नगराध्यक्ष सर्वसाधारण सभा बोलावतो, तिचे अध्यक्षस्थान भूषवतो, मते समसमान पडली तर निर्णायक मत देतो. स्थायी समितीचा तो पदसिद्ध सभापती असतो. उपनगराध्यक्ष मात्र बहुमतवाल्यांचा, विषय समित्यांवर वरचष्माही त्यांचाच. मग पाण्याच्या टाकीचा विषय विषयपत्रिकेवर येतो, सभेत बहुमताने फेटाळला जातो, बहुमतवाले आपल्या प्रभागांतल्या रस्त्यांचे ठराव मंजूर करतात आणि हे ठराव नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली स्थगित करावेत म्हणून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते. म्हणजे गावाने निवडलेल्या दोन बाजूंचा वाद गावाने न निवडलेला अधिकारी सोडवतो. अमेरिकन अध्यक्षाला असा वरचा पंच नाही. नगराध्यक्षांना तो असल्यामुळे एकमेकांशी बोलून मार्ग काढण्याची निकड कमी होते, हा या व्यवस्थेतला खरा दोष आहे.

थेट निवडीची तरतूद २०१६ मध्ये पुन्हा आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. प्रत्येक वेळी निवडीची पद्धत बदलली. नगराध्यक्ष आणि सभागृह यांच्यातली अधिकारांची वाटणी मात्र फारशी हलली नाही.