अपघात विभाग सुधारला, हे कशावरून ठरवायचे?

अपघात विभागातील सुधारणेचे यश बहुधा मिनिटांत मोजले जाते, कारण मिनिटांची नोंद सहज ठेवता येते. मात्र मिनिटे वाचली म्हणून रुग्णही वाचले, असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला रुग्ण दारात पोहोचल्यापासून अँजिओप्लास्टी होईपर्यंतचा मध्यक वेळ ८३ मिनिटांवरून ६७ मिनिटांवर आला. तरीही सुमारे ९७ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून जेमतेम ४.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. यावरून घाई व्यर्थ ठरत नाही. पुढच्या विश्लेषणात असे आढळले की, एकेका रुग्णापुरता विलंब कमी होणे हिताचेच होते; या काळात उपचार घेणाऱ्यांचा समूहच बदलत गेला होता.

सोलापुरात हा मुद्दा अधिक टोकदार होतो. येथील रुग्णालयांत अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून थेट विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेमुळे एरवी महामार्गावरच दगावला असता असा जखमी रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचला आणि तेथे दगावला, तर त्या मृत्यूची नोंद रुग्णालयाच्या खात्यावर पडते. म्हणजे सेवा सुधारली म्हणूनच आकडा बिघडू शकतो. म्हणून मोजणी अपघातस्थळापासून सुरू व्हायला हवी.

'आधी' आणि 'नंतर' एवढीच तुलनाही फसवी असते, कारण एप्रिल-मेमधील उन्हाचा तडाखा आणि आषाढी वारी यांमुळे रुग्णांचे स्वरूपच पालटते. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांपैकी १२ रुग्णालयांत खालावणाऱ्या रुग्णाकडे तातडीने धावणारी पथके नेमली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पथके नसलेल्या ११ रुग्णालयांशी तुलना करता ठोस फरक आढळला नाही, कारण हृदय बंद पडण्याचे प्रसंग दोन्हीकडे घटले होते. तुलनेला दुसरा गट नसता, तर सारे श्रेय पथकांनाच मिळाले असते.

जिल्ह्यात एखादी सुधारणा करायचीच असेल, तर ती पंढरपूर, करमाळा, अक्कलकोट येथील रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने सुरू करावी. म्हणजे ज्यांची पाळी यायची आहे ती रुग्णालये आपोआप तुलनेचा गट ठरतात. अडचण पाठपुराव्याची आहे. सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे केसपेपरवरून कळत नाही. तीस दिवसांनी त्याच्या घरी फोन करणारा, आणि सीमेपलीकडच्या कुटुंबाशी कन्नडमध्ये बोलू शकणारा, माणूस नेमण्याची तरतूद माझ्या मते नव्या यंत्रसामग्रीच्याही आधी व्हावी.